उशाला पेपरांचा गठ्ठा

नम्रता

भिवा पहाटे पेपर आणायला बाहेर पडले, ते घरी परतलेच नाहीत.

परळच्या त्यांच्या चाळीत मंडळाचं छोटं वाचनालय आहे. गिरणी बंद झाल्यावर ते रोज उघडायचं काम भिवांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लालबागला पुलाखाली पेपरवाले गठ्ठे सोडतात. तिथून मंडळाचे पेपर काखेत मारून आणायचे, टेबलावर मांडायचे, मग घरी येऊन चहा. त्या दिवशी चहा तसाच झाकून राहिला आणि मुलीच्या, नम्रताच्या फोनवर भिवांच्याच नंबरवरून एक अनोळखी आवाज आला.

हॉस्पिटलच्या आवारात तिला फोन करणारी बाई भेटली. मीराबाई, त्या रस्त्यावर झाडू मारणारी. तिनेच अँब्युलन्स बोलावली होती आणि भिवांच्या खिशातल्या फोनवरून नम्रताला कळवलं होतं.

"गाडीनं उडवलं असणार," मीराबाई म्हणाली. "चप्पल एकीकडे, चष्मा एकीकडे. पण काका रस्त्यात नव्हते गं. फुटपाथच्या कडेला सरळ निजवलेले होते. उशाला पेपरांचा गठ्ठा."

"तुम्ही ठेवलात?"

"मी हातच नाही लावला. मी आले तेव्हा असंच होतं."

डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, वाट बघावी लागेल. वाट बघणं नम्रताला कधी जमलं नव्हतं. ती कबड्डी खेळणारी मुलगी, स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागलेली. बाकावर बसवलं की तिचा पाय आपोआप हलायला लागायचा. आयसीयूबाहेरच्या त्या बाकावर तो इतका हलत होता की शेजारच्या माणसाने एकदा तिच्याकडे वळून पाहिलं.

आई, कांताबाई, भिंतीला टेकून डोळे मिटून त्रिसरण पुटपुटत होती. मध्येच थांबून म्हणाली, "नमू, कुणीतरी भला माणूस होता बघ."

"कोण?"

"ज्यानं उशी केली. तो एकटा थांबला ना. त्याला शोध. घरी बोलाव, मला त्याचे हात धरायचेत."

नम्रताच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जो थांबला, त्याने गाडी पाहिली असेल. नंबर नाही, तर निदान रंग. एका पहाटे एकाच रस्त्यावर दोन माणसं होती, एक उडवून पळालेला आणि एक थांबलेला. दुसरा सापडला की पहिला सापडेल.

पोलीस स्टेशनातल्या सब-इन्स्पेक्टर तांडेल मॅडमनी नीट ऐकून घेतलं. सिग्नलच्या कॅमेऱ्यासमोर जयंतीचा बॅनर आला होता, त्यामुळे तो कोपरा दिसत नव्हता. "आमचा माणूस दुकानांतून फिरतोय," त्या म्हणाल्या. "तरी तुम्हीपण विचारा. लोक घरच्यांना लवकर सांगतात."

मग ती निघाली, एक एक दुकान करत.

रुपाली

मसाल्याचे दिवस होते. या दिवसांत लालबागच्या मिरची गल्लीत उभं राहायला जागा नसते. बायका बेडगी हातात मोडून बघतात, लवंगी नाकाशी नेतात, मसाला कुटणाऱ्या डंकांचा धडधडाट चालू असतो, आणि नवखं माणूस गल्लीच्या तोंडाशीच शिंकायला लागतं.

ती मुलगी शिंकतच दुकानात आली. रुपालीला वाटलं गिऱ्हाईक.

रुपाली हितेंद्र शेठच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. वडील वारल्यानंतर घर तिच्यावरच होतं. आई रमाबाई, धाकटा भाऊ मयूर आणि ती. मयूर प्रभादेवीला एका केटररच्या किचनमध्ये होता, सकाळच्या नाश्त्याच्या ऑर्डरी असायच्या म्हणून अंधार असतानाच बाईक काढायचा.

"ताई, तुमच्या दुकानाबाहेर कॅमेरा आहे ना?" मुलीने विचारलं. "सोमवारी पहाटे इथे कोपऱ्यावर माझ्या वडिलांना गाडीनं उडवलं. मला फक्त बघायचंय."

रुपालीच्या हातात धण्याचं माप होतं. ते तिने परत पोत्यात रिकामं केलं.

सोमवारी दुपारी मयूर घरी आला तेव्हा त्याच्या कोपराला पट्टी होती. ऑइलवर घसरलो म्हणाला. बाईक गॅरेजला टाकली म्हणाला. मोठं काही नव्हतं. पण त्यानंतर तो नाक्यावर मित्रांत जाऊन बसला नव्हता, ताटातलं निम्मं तसंच टाकत होता, आणि काल सहज विचारावं तसं त्याने विचारलं होतं, "ताई, दुकानात कोण काय बोलत होतं का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

"कॅमेरा बंद आहे," रुपाली त्या मुलीला म्हणाली. "बऱ्याच दिवसांपासून. दुरुस्तीला माणूस येत नाही."

मुलीचा चेहरा उतरला, पण ती गेली नाही. काउंटरला टेकून उभी राहिली. "मग निदान एवढं सांगा. इथे पहाटे कोणाची ये-जा असते? एक माणूस थांबला होता त्यांच्यासाठी. त्यांना उचलून बाजूला ठेवलं, उशाला पेपर दिले. तो मला हवाय. आई म्हणते त्याला घरी आणायचं."

"कसे आहेत वडील?"

"शुद्धीवर नाहीत."

रुपालीने तिचा नंबर घेतला, कळलं तर सांगते म्हणाली. मुलगी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ती तिच्या पाठीकडे बघत राहिली. मागून हितेंद्र शेठने हाक मारली, "रुपाली, धणे कुणाचे?" आणि तिला आठवेना.

दुकानाच्या पोटमाळ्यावर कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा होता. नवीन भरलं की जुनं आपोआप पुसून जायचं. शेठनेच एकदा सांगितलं होतं, पंधरवड्याच्या आतच जातं म्हणून. म्हणजे तिला काही करायचं नव्हतं. काही दाबायचं नव्हतं, काही फोडायचं नव्हतं. नुसतं खाली बसून मिरची विकायची होती.

नम्रता

दिवस दुकानांत आणि हॉस्पिटलात वाटला गेला. सकाळी डॉक्टर यायच्या आधी आयसीयूच्या दाराशी, मग लालबाग, मग परत. बेकरीवाल्याचा कॅमेरा आतल्या बाजूला होता. सोनाराने दाखवला, पण त्यात रस्त्याची कडच दिसत होती. एका कोपऱ्यातून काहीतरी उजेड सर्रकन जातो, एवढंच. तिने ते इतक्या वेळा बघितलं की सोनार म्हणाला, "बेटा, बस कर. त्यात नाहीये."

रस्त्यावर, पुलावर, कुठेही गाडीचा आवाज आला की ती वळून बघायची. पुढचं मडगार्ड वाकलंय का, दिवा फुटलाय का. सगळ्या गाड्यांना कुठे ना कुठे खरचटलेलं असतं, हे तिला त्या आठवड्यात कळलं. ऑफिसमधल्या मैत्रिणीने फोन करून विचारलं, जेवलीस का, तर तिला राग आला.

रात्री आईला घरी पाठवून ती बाकावरच बसायची. थांबलेल्या माणसाचा चेहरा ती मनात करून बघायची. कधी तो दूधवाला असायचा, कधी प्रभादेवीला देवदर्शनाला चाललेला कुणी म्हातारा. त्याचे हात तिला दिसायचे. पप्पांचं डोकं उचलून खाली गठ्ठा सरकवणारे. तो मग निघून का गेला, हा प्रश्न तिला पडायचा आणि ती तो बाजूला सारायची. घाबरला असेल. पोलिसांच्या भानगडीला लोक घाबरतात.

मिरची गल्लीच्या तोंडाशी मनूची चहाची गाडी होती. तिथे ती एका संध्याकाळी उभी होती. मनू ओळखीचा झाला होता, पैसे घेत नव्हता.

"त्या मसाल्याच्या दुकानात नाही मिळालं?"

"त्यांचा कॅमेरा बंद आहे."

मनूने किटली खाली ठेवली. "कोण बोललं? चालू आहे की. अंधार पडू दे, बघ. लाल लाल ठिपके दिसतात त्याच्यात."

ती उभी राहिली. दुकानं दिवे लावू लागली, डंक एक एक करून थांबले. हितेंद्र शेठने शटर ओढलं तेव्हा वर छपराखाली कॅमेऱ्याच्या काचेभोवती बारीक लाल ठिपके उजळलेले होते.

गल्ल्यावरची ती मुलगी शेठच्या मागून निघाली, ओढणी डोक्यावर घेऊन भराभर चालू लागली. नम्रताला तिच्यामागे धावावंसं वाटलं. कबड्डीत रेडला शिरताना जसं सगळं अंग एका दिशेला ओढलं जातं तसं. पण तेवढ्यात आईचा फोन आला.

"लवकर ये. पप्पांनी डोळे उघडले."

रुपाली

हितेंद्र शेठ दुपारी जेवायला माटुंग्याला घरी जायचे. त्याच दिवशी दुपारी ते गेल्यावर रुपालीने गल्ल्याला किल्ली लावली आणि शिडीवरून पोटमाळ्यावर चढली.

आपण का चढतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. दिवस सरत आले होते, सगळं आपोआप पुसलं जाणार होतं, आणि तेच तिला सहन होईना. काहीतरी भलतंच असेल, अशी एक आशाही होती. ट्रक असेल. टॅक्सी असेल. मयूर खरंच ऑइलवर घसरला असेल, दुसरीकडे कुठेतरी, आणि ती आठवडाभर उगाच जळत होती.

चित्र करडं होतं, पण स्पष्ट. रिकामा रस्ता. काखेत गठ्ठा घेतलेला एक म्हातारा फुटपाथवरून उतरला. डावीकडून उजेड आला. मग दोघंही खाली, आणि बाईक घासत पुढे गेली.

पडलेला मुलगा उठला. हेल्मेट नव्हतं. कुणीही असता तो, पण उठल्यावर त्याने डावा खांदा झटकला, आणि तो झटका रुपालीने तो लहान असल्यापासून पाहिला होता.

तो इकडेतिकडे बघत होता. वाकला, उठला. मग म्हाताऱ्याकडे गेला. काखेत हात घालून त्याला फुटपाथकडे ओढलं, हळू, मध्ये थांबत. रस्त्यावर विखुरलेले पेपर गोळा केले, घडी घातली आणि त्याचं डोकं उचलून खाली ठेवली. शेजारी उकिडवा बसला. त्याचे ओठ हलत होते. हाताने थांबा अशी खूण केली. मग बाईक उभी केली, लाथा मारल्या, आणि चित्राच्या बाहेर गेला.

रुपालीने ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. दर वेळी ती त्याच जागी थांबायची, जिथे तो डोकं उचलत होता. त्याने किती सांभाळून उचललं होतं. वडील शेवटी अंथरुणावर होते तेव्हा मयूर त्यांना असंच उचलायचा, मानेखाली पंजा घालून.

खाली कुणीतरी "कोण आहे का दुकानात?" म्हणून ओरडत होतं.

घरी मयूर पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडला होता. रमाबाई बांगडे साफ करत होत्या. रुपालीने चप्पलही काढली नाही.

"त्या काकांची मुलगी दुकानात येऊन गेली," ती म्हणाली. "मी कॅमेऱ्यात बघितलं."

मयूर उठून बसला. त्याने विचारलं, "मेले?"

"नाही. शुद्धीवर नाहीत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ताई, मी टॅक्सी आणायला गेलो होतो. खरंच. त्यांना बोललो, आलोच काका. नाक्यावर टॅक्सी होती एक. मी तिच्या बाजूनं गेलो आणि थांबलोच नाही. पुढच्या सिग्नलला वाटलं वळू. त्याच्या पुढच्यालापण वाटलं. किचनला पोचलो तर हातात कांदे दिले कुणीतरी, आणि मी कापत बसलो."

"आता चल पोलिसात."

"उद्या जातो."

"आत्ता चल."

रमाबाईंनी विळी बाजूला केली. "तू गप रव गो," त्या रुपालीला म्हणाल्या. "तो काय मुद्दाम करूंक गेल्लो? बरो होतलो तो म्हातारो. पोरगो एकच हा माझो."

"आई, त्यांचीपण एकच मुलगी आहे. रोज गल्लीत फिरते ती."

"माका नको सांगू."

उद्या सकाळी दोघांनी जायचं असं शेवटी ठरलं. मयूरने मान हलवली. सकाळी रुपाली उठली तेव्हा त्याची चादर घडी घालून ठेवलेली होती आणि दाराजवळची बॅग नव्हती.

"गावाक धाडलंय तेका," रमाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या.

नम्रता

भिवांचा उजवा हात हलत नव्हता आणि जीभ जड झाली होती. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागायचा. नम्रता तोंडाशी कान नेऊन ऐकायची.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"कोण, पप्पा?"

"पोरगा. आलोच म्हणाला... काका, आलोच."

आई रडता रडता हसली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

नम्रताने रात्रभर तेच डोक्यात घोळवलं. आलोच म्हणाला. पोरगा. आणि मिरची गल्लीत एक मुलगी होती, जिने चालू कॅमेरा बंद आहे म्हणून सांगितलं होतं. सकाळी तांडेल मॅडमना फोन लावायला तिने नंबर काढला, आणि मग लावला नाही. मॅडम जातील तर ते लोक आधीच पुसून ठेवतील, असं तिला वाटलं. स्वतः गेली तर तिच्या तोंडाकडे बघता येईल.

दुकान नुकतंच उघडलं होतं. ती मुलगी, रुपाली, एकटीच पोती पुढे ओढत होती. नम्रताला बघून ती सरळ उभी राहिली.

"पप्पा शुद्धीवर आलेत," नम्रता म्हणाली.

रुपालीने काउंटर धरला. "बोलतात?"

"थोडं. तो जो थांबला होता ना, तो त्यांना म्हणाला होता, काका, आलोच. पप्पा अजून विचारतायत, तो आला का. सारखं दाराकडे बघतात." ती थांबली. भांडायची तयारी करून आली होती, पण आवाज तसा लागेना. "तुमचा कॅमेरा चालू आहे. मी पाहिलाय. का खोटं बोललात ते नंतर बघू. मला फक्त तो माणूस दाखवा."

रुपालीने शटर अर्ध्यावर ओढलं. "वर या," ती म्हणाली.

पोटमाळ्यावर वाकूनच उभं राहावं लागत होतं. मिरचीचा तिखट वास तिथे साठून राहिला होता, दोघींच्याही डोळ्यांना पाणी येत होतं. रुपालीने स्क्रीन सुरू केला आणि मागे सरकून पोत्यावर बसली.

नम्रताने पप्पांना फुटपाथवरून उतरताना पाहिलं. त्यांची ती चालायची ढब, एक खांदा गठ्ठ्याने खाली ओढलेला. मग उजेड. तिने डोळे मिटले नाहीत.

पडलेला मुलगा उठला. त्याने आधी रस्त्याच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला. वाकून काहीतरी उचललं. आरसा होता, बाईकचा, मोडलेला. त्याचे तुकडेही त्याने वेचले आणि खिशात टाकले. मागे पप्पांचा एक पाय हलत होता. आधी आरसा, आणि मग पप्पा.

मग त्याने त्यांना ओढलं. मग पेपर. मग उशी.

नम्रता स्क्रीनच्या इतकी जवळ गेली होती की तिच्या श्वासाने काच धूसर झाली. तिने बाहीने पुसली. ज्याचे हात ती आठवडाभर मनात बघत होती ते समोर होते, अगदी तसेच, मानेखाली सांभाळून घातलेले. आणि त्याच माणसाच्या खिशात आरशाच्या काचा होत्या.

"हा तर तोच आहे," ती म्हणाली. "उडवणारा."

"हो."

"याने खिशात काय टाकलं, बघितलंत ना तुम्ही?"

रुपाली पुढे आली. नम्रताने ते परत लावून दाखवलं. रुपाली बघत राहिली. आधी बघूनही हे तिला दिसलं नव्हतं, हे नम्रताला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि आणखीही काहीतरी कळलं.

"कोण आहे हा?"

"माझा भाऊ," रुपाली म्हणाली. "मयूर."

खाली रस्त्यावरून टेंपो जात होता, सगळा पोटमाळा हलला. नम्रताने फोन काढून स्क्रीनचं चित्रण केलं. शिडी उतरताना ती म्हणाली, "मी सरळ तांडेल मॅडमकडे चाललेय."

"जा," रुपाली म्हणाली. "मी डबा काढून ठेवते. पुसलं नाही जाणार."

रुपाली

दुपारी शेठ आल्यावर तिने सगळं सांगितलं. डबा स्वतः कपड्यात गुंडाळून त्यांनी गल्ल्याखाली ठेवला आणि म्हणाले, "पोलीस आले की मी देतो. तू घरी जा आज."

ती घरी गेली नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसली. नेटमध्ये पोरं खेळत होती, बॉल जाळीला लागून खाली पडत होते. तिने कणकवलीला गावच्या घरी फोन लावला. काकीने मयूरला हाक मारली.

"मी दिलं, मयूर," ती म्हणाली.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ते काका बोलायला लागलेत. तू आलास का म्हणून विचारतात."

"असं विचारतात?"

"हो. आणि एक विचारू? आरसा आधी का उचललास?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला आठवतपण नाही की आधी उचलला."

तिने त्याला ये म्हटलं नाही. पोलीस कणकवलीला पोचायच्या आत तो स्वतःच रात्रीच्या बसला बसला आणि उतरून सरळ पोलीस स्टेशनला गेला. बेदरकार गाडी चालवणं आणि जखमीला टाकून पळणं, अशी केस झाली. काही दिवस आत राहून तो जामिनावर सुटला. केटररने त्याला परत घेतलं नाही.

रमाबाईंनी रुपालीशी बोलणं टाकलं. ताट वाढून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. रुपाली जेवायची, भांडी घासायची, दुकानात जायची. गल्लीत लोक बघायचे. कुणी म्हणायचं, असं कोणी सख्ख्या भावाला करतं का. कुणी म्हणायचं, बरं केलंस. दोन्ही ऐकून तिला सारखंच नको व्हायचं.

नम्रता

आईला सांगायला नम्रताला दोन-तीन दिवस लागले. कांताबाईंनी ऐकून घेतलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"म्हणजे दोन माणसं नव्हतीच," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"मी त्या मेल्याला इतके दिवस आशीर्वाद देत होते." मग त्यांनी पदराचं टोक सोडलं. "आणि शिव्यापण त्यालाच देत होते."

मयूरचा निरोप रुपालीकडून आला, एकदा भेटायचंय. नम्रताने नाही म्हणून कळवलं. पण तो निरोप भिवांच्या कानावर गेला. त्यांना तोवर वॉर्डात हलवलं होतं, उशांच्या आधाराने बसवत होते. त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडावर टकटक केलं, ऐका म्हणून.

"येऊ दे."

"कशाला, पप्पा?"

"येऊ दे त्याला."

रविवारी भाऊ-बहीण आले. मयूर नम्रताला वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. त्याच्याकडे बघताना तिच्या मुठी वळल्या. तो वॉर्डात शिरला, कांताबाई त्याच्यामागून गेल्या, आणि नम्रता दाराशी जाऊन मागे फिरली. तिच्याने आत जाववेना. आवारातल्या झाडाच्या पारावर रुपाली बसली होती. नम्रता थोडं अंतर ठेवून बसली. पाय हलायला लागला.

"पहिल्याच दिवशी खोटं का बोललीस?" तिने विचारलं. "तेव्हा तर तू बघितलंही नव्हतंस."

"बघायच्या आधीच वाटलं होतं."

"मी आठवडाभर फिरले."

"मला दिसायचीस."

आणखी बोलण्यासारखं बरंच होतं. नम्रताच्या मनात आलं, माझा भाऊ असता तर मी तो डबा चढून बघितलाच नसता, पुसू दिला असता. ते तिने सांगितलं नाही. तिला ते मान्य करायचं नव्हतं, आणि शिवाय अजून राग होता. दोघी वॉर्डाच्या खिडक्यांकडे बघत राहिल्या. आत काय चाललंय ते दोघींनाही दिसत नव्हतं.

मयूर खाली आला तेव्हा त्याचं तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. तो नम्रतासमोर थांबला.

"जा तू," ती म्हणाली.

जिने चढून ती वर आली. भिवा थकून आडवे झाले होते. कांताबाई त्यांच्या हाताला तेल चोळत होत्या.

"काय बोलले पप्पा?"

"नाव विचारलं. कुठे राहतो, घरी कोण कोण. मग विचारलं, तुला लागलं होतं का रे."

"आणि?"

"तो रडायला लागला. मग पप्पा म्हणाले, केस चालू राहील हं. मागे नाही घेणार."

नम्रताने पप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेले वाटत नव्हते. तिने स्टूल ओढलं आणि आईकडून तेलाची वाटी घेतली.

रुपाली

परत जाताना मयूर पुढे चालत होता, ती मागे. नाक्यावर तो म्हणाला, मी जरा थांबतो, तू हो पुढे. ती निघाली. थोड्या अंतरावर जाऊन तिने वळून बघितलं, तो तिथेच कठड्याला टेकून उभा होता. ती पुन्हा चालू लागली आणि पुन्हा वळली.

घरी रमाबाई तांदूळ निवडत होत्या. रुपालीने पाणी घेतलं, पंखा लावला, आतल्या खोलीत जायला निघाली.

"म्हातारो कसो आसा?" रमाबाईंनी सुपातून डोकं वर न करता विचारलं.

रुपाली दारातच थांबली.

"बसतात आता. उजवा हात नाही चालत."

रमाबाईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग आणखी एक. बराच वेळ त्या निवडतच राहिल्या, आणि रुपाली आत न जाता तिथेच उभी राहिली.